मृगातला घास

आमच्या घरमालकांच्या परसात मोरीचं पाणी सरळ वाहत नसे. मोरीपासून कुंपणापर्यंतचं अंतर असेल एका खोलीएवढं. पण तेवढ्यात ते पाणी आधी पेरूच्या झाडाला वळसा घाली, मग विहिरीकडे जाई, तिथे काय मनात येई कोण जाणे, परत मोरीच्याच दिशेने निघे आणि शेवटी नाइलाज झाल्यासारखं कुंपणाबाहेर पडे. ही सगळी वळणं मालकांनी खुरप्याने स्वतः काढलेली होती. अंधारात परसात जाणाऱ्या भाडेकरूचा पाय त्यातल्या एखाद्या वळणात पडल्याशिवाय राहत नसे. भाडेकरू म्हणजे मी.

मी भंडाऱ्याकडचा. बालाघाटला गणिताचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा आमचा जिल्हा एका राज्यात आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी होऊन थोडीच वर्षं झाली होती. वर्गात हिंदी, घरात मराठी आणि भाजीवालीशी जे तोंडात येईल ते, असा माझा कारभार. दोन खोल्या मिळाल्या त्या ओव्हरसियरकाकांकडे. त्यांना सगळं गाव ओव्हरसियरच म्हणे. सरकारी नोकरीत आयुष्यभर नाल्या, बंधारे आणि कालवे केले आणि निवृत्त झाल्यावर घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू.

सकाळी चहाचा कप घेऊन काका त्या मोरीच्या पाण्याजवळ उकिडवे बसत. कडुनिंबाचं एक पान वरच्या अंगाला सोडत आणि ते कुठे अडतं, कुठे गिरकी घेतं, कुठे विसावतं हे बघत. एका वळणात त्यांनी गोटे टाकले होते, दुसऱ्याच्या काठाने वाळा लावला होता. पावसाळ्यात तिथे बेडूक आले. बेडकांमागोमाग एक पाणसाप आला. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. काका मात्र मुलगा पास झाल्यासारखे मला हाक मारायला आले.

"मास्तर, या, पाहा. आता खरं पाणी झालं हे."

"पाण्याला साप कशाला पाहिजे काका?"

"सापाले पाणी पाहिजे ना," ते म्हणाले. माझ्या प्रश्नांची उत्तरं ते नेहमी अशी दुसऱ्या बाजूने देत. मी गणिताचा माणूस, मला ते झेपत नसे.

सरळ रेषेशी त्यांचं वाकडं होतं. बाजारात जायला समोरचा सडक-रस्ता होता, पण ते मागच्या गल्लीने, दोन बोळ ओलांडून जात. कागदावर ओळ आखायची तर पट्टी घेत नसत. मी वर्गात भूमितीचे तास घेतो हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे थोड्या करुणेने पाहिलं होतं. "दोन बिंदूंतलं सगळ्यात कमी अंतर शिकवता, हो ना? शिकवा. पण पोरांना सांगा, की पाण्याले घाई नसते, घाई ओव्हरसियरले असते."

दुसरी खोड माशांची. काका जन्माने आणि घरच्या वळणाने पक्के शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसणालाही त्यांच्या घरात बंदी. आणि हा माणूस लग्नात, मुंजीत, मयतीला, जो कोणी खेड्यावरून आलेला भेटेल त्याला बाजूला घेऊन विचारणार, "तुमच्याकडे पाणी चढलं की कोणता मासा वर येते?" एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींना त्यांनी हे विचारलं. भटजी बैहरकडचे, भोळे. त्यांनी दोनतीन नावं सांगितलीसुद्धा. काकूंनी प्रसादाची वाटी अशी आपटली की शिरा पाटावर सांडला.

या सगळ्यामागे एक नदी होती. ती त्यांनी मला हळूहळू सांगितली, एका बैठकीत नाही.

लालबर्राच्या बाजूला एक लहानशी नदी आहे, पुढे ती वैनगंगेला मिळते. तिथल्या एका गावाला तिचा मोठा वेढा होता. गावाच्या एका अंगाने यायची, पार मागे फिरून दुसऱ्या अंगाने निघायची. काठाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, पावसाळ्यात पाणी पसरलं की त्या बांध्यांतही गुडघाभर पाणी. गाव तक्रार करी. काका तेव्हा नोकरीत नवे होते. त्यांनी त्या वेढ्याच्या दोन टोकांमधून सरळ काट, म्हणजे नवा चर, खोदायचा नकाशा केला. काट झाला, वेढ्याच्या तोंडावर मातीचा बांध पडला, आणि नदी गावाला वळसा न घालता सरळ निघून जाऊ लागली. साहेबांनी पाठ थोपटली. गावानेही नारळ फोडला.

"नकाशावर ती रेघ इतकी छान दिसत होती ना मास्तर," ते म्हणायचे, "की मी ती घरी आणून काकूले दाखवली होती."

पुढे बदल्या होत गेल्या. कितीतरी वर्षांनी परत त्या गावावरून जाताना त्यांनी पाहिलं तर काट खोल खोल गेलेला, दोन्ही काठ ढासळून शेतं खात चाललेला. गावच्या विहिरींचं पाणी तळाला गेलं होतं. वेढ्याची जागा म्हणजे भेगाळलेली चिकणमाती आणि बेशरमीची झुडपं. पावसात मासे वैनगंगेतून वर यायचे ते काटातल्या जोराने परत ढकलले जायचे. त्यांना अंडी घालायला उथळ, गवताळ, संथ पाणी लागतं, ते कुठे उरलंच नव्हतं. सारसाची जोडी बांधीत नाचायची, तीही गेली. त्या दिवसापासून काकांनी पट्टी टाकली. निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला. नदीला तिच्या जुन्या जागी नेऊन सोडायचं.

गावच्या पटेलाला मासे-सारस यांचं सोयरसुतक नव्हतं. पण त्याची विहीर आटली होती आणि दरसाल काठ पडून शेत जात होतं. त्याने एक अट घातली, पुराचं जास्तीचं पाणी धानात घुसता कामा नये. काका म्हणाले, काट बुजवायचाच नाही. त्याच्या तोंडाशी कमरेएवढी दगडांची पाळ रचायची. रोजचं पाणी वेढ्यातून जाईल, पूर आला तर पाळीवरून काटात उतरेल. पटेलाने दोन दिवस विचार केला आणि हौ म्हणाला.

आता जुना वेढा नेमका कुठून जात होता हा प्रश्न. अर्धा भाग नांगरला गेलेला, अर्धा भरून आलेला. पातळी मोजायची दुर्बीण काका हातात धरायला तयार नव्हते. म्हणाले, त्या दुर्बिणीनेच मला फसवलं. त्यांनी ऐन उन्हाळ्याच्या दुपारी पटेलाच्या म्हशी सोडायला लावल्या. उन्हात म्हैस ओलाव्याच्या मागे जाते, आणि ओलावा जुन्या नदीच्या पोटात असतो, असा त्यांचा हिशेब. पुढे म्हशी, मागे छत्री उघडलेले काका आणि त्यांच्या मागे चुन्याची पाटी घेऊन मी. म्हशी खरंच एका सखल रेषेने वळत वळत चालल्या. जिथे म्हशी तिथे मी चुना टाकत होतो. वेढ्याचा तीन चतुर्थांश भाग असा छान निघाला. मग म्होरकी म्हैस अचानक उजवीकडे वळली, तिच्यामागे बाकीच्या, आणि चुन्याची रेघ ओढत ओढत आम्ही थेट पटेलाच्या दारातल्या टाक्यापाशी येऊन उभे राहिलो. म्हशींनी पाण्यात तोंडं घातली.

काकांनी छत्री मिटली. "ही नदी नाही मास्तर. ही घरी आली."

पुढचा तुकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या म्हशी आणून काढला.

ते दिवस श्रमदानाचे होते. जो तो पुढारी येऊन फावडं मारतानाचा फोटो काढून घेई. आमच्या नदीवर कोणी फोटोला आलं नाही, पण गाव आलं. नदीकाठच्या ढिवरांच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, माणसं आली. मासे धरणारे लोक ते, नदी गेल्यापासून मजुरीला लागलेले. मीही सुटीच्या दिवशी घमेली वाहिली आणि पाठीला तेल लावत आठवडा काढला. कुणी काठ तासून गुळगुळीत केला की काकांच्या कपाळावर आठ्या येत. "खडबडीत ठेव रे बाबा. मासोळीले टेकायले जागा नको का?" पडलेल्या झाडांचे बुंधे त्यांनी मुद्दाम पाण्याच्या वाटेत टाकून ठेवायला लावले. वेढ्याच्या आतल्या अंगाची सखल जमीन तशीच मोकळी सोडली, पाण्याला पसरायला. लोक हसत. पण ओव्हरसियर उन्हात स्वतः उभा आहे हे पाहून खोदत राहत.

बांध फोडला त्या साली पहिल्याच पावसात पाणी वेढ्यात गेलं. आणि त्याच आठवड्यात मासे चढले. रोहू, वाम, मरळ. उथळ पाण्यात त्यांच्या पाठी उघड्या पडत होत्या.

मग जे व्हायचं तेच झालं. इतक्या वर्षांनी मासे आलेले, कोण थांबतं? जाळी, टोपल्या, धोतरं, लुगडी, ज्याच्या हाती जे आलं ते घेऊन टोली आणि गाव दोन्ही पाण्यात उतरले. अंड्यांनी फुगलेल्या माद्या किनाऱ्यावर तडफडत होत्या. मरळ आपल्या पिलांना एकत्र घेऊन फिरते. लालसर पिलांचा गोळा वर, आणि खाली आईबाप राखणीला. काकांनी मला असा एक गोळा दाखवला. थोड्या वेळाने खालची मरळ कुणीतरी धरली. मग बगळे आले आणि तो गोळा संपला. काका चिखलात उभे होते. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा फार कळवळा आला.

पुढच्या उन्हाळ्यात ते मला घेऊन टोलीवर गेले. टोलीचा म्हातारा सुकाजी. अंगाने काटक, बोलायला मोजका. काकांनी त्याला सरळच सांगितलं. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत वेढ्यात कुणी जाळं टाकायचं नाही. तोवर मासे अंडी घालतील, पिलं हाताएवढी होतील. पोळ्यानंतर पाहिजे तेवढे धरा.

सुकाजीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओव्हरसियरसाहेब, तुमी मच्छी खाता?"

"नाही."

"मंग तुमी काय सोडून राह्यले?"

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"आमच्या टोलीची रीत हाय," सुकाजी म्हणाला. "ज्यानं बंदी मांगली, त्यानं आमच्यासंगं एका थाळीतला शेवटचा घास खायचा. मंग समद्यानं एकाच पाण्यात हात धुवायचे. दारूची बंदी असो का कायची. जो खातच नाई त्याच्या बोलण्यावर आमी लेकरायच्या तोंडातलं काहून काढावं? तुमाले काय जाते?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, मी खातो, मी घेतो घास. सुकाजी हसला. "तुमी बंदी मांगली का मास्तर?"

घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "बरोबर बोलला तो. मी त्याले एकादशी सांगायले गेलतो."

मृगाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही परत टोलीवर गेलो. सुकाजीच्या अंगणात मोठी थाळी, तीत भात आणि चिंच घातलेलं मरळीचं कालवण. टोलीतल्या प्रत्येक घरचं एक माणूस भोवती बसलेलं. काका मांडी घालून बसले. उपरणं मागे टाकलं. तुकड्याकडे बघत मला हळूच विचारलं, "मास्तर, काटा कोणत्या बाजूले असते?" मी काटा काढून दिला. त्यांनी घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. डोळे मिटले नाहीत. तिखटाने की कशाने, पाणी मात्र आलं. मग म्हणाले, "आता मीही सोडली. पोळ्यापर्यंत."

सगळ्यांनी एका घंगाळात हात धुतले. त्या वर्षी वेढ्यात एकही जाळं पडलं नाही. त्या संध्याकाळी परत येताना रस्त्यावरच्या पुलाशी काकांना उलटी झाली. पण सुकाजीच्या अंगणात त्यांनी तोंड वाकडं केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

घरी त्यांनी काकूंना खरं ते सांगितलं. लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि काकूंपासून काही लपतही नसे. काकू रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांना अंघोळ करायला लावली आणि म्हणाल्या, "तुमच्या नदीला मी कधी नाही म्हटलं नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात ती नको. पोळा होईपर्यंत तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ नका."

"ठीक आहे," काका म्हणाले.

तेव्हापासून दरसाल हे ठरून गेलं. बंदी दरवर्षी नवी करावी लागे, म्हणून घासही दरवर्षी. मृगाच्या तोंडावर काका टोलीवर जात, घास घेत, आणि पोळ्यापर्यंत ओसरीवर जेवत. काकू उंबऱ्याच्या आतून वाढत आणि तिथेच पाटावर बसून राहत. ताट त्यांचं वेगळं, पण जेवण तेच, उलट पोळी जरा जास्त तुपाची. दोघं दोन हातांच्या अंतरावर बसून भाजीत मीठ कमी की जास्त यावर वाद घालत. मला ते पाहून वाईटही वाटे आणि हसूही येई. एकदा मी काकूंना म्हटलं, आता सोडा की हे. त्या म्हणाल्या, "त्यांनी त्यांचं सोडलं का?"

नदी मात्र भरत गेली. पटेलाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहू लागलं. वेढ्याच्या सखल भागात गवत आणि कमळं माजली. पोळ्यानंतर टोलीवर घरोघर मासे शिजू लागले, आणि पुढे पुढे पार मृगापर्यंत. एका साली सारसाची जोडी आली आणि पटेलाच्या बांधीत घरटं करून बसली. पटेलाने तेवढा तुकडा कापणीतून सोडला आणि तसं केल्याबद्दल सगळ्यांना सांगत फिरला. शहरातून कुणी हौशी माणूस बंदीच्या दिवसांत जाळं टाकायला आला, तर टोलीतल्या बायांनी त्याचं जाळं काढून घेतलं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून परत केलं.

काकांचं जाणं अचानक नव्हतं. आधीच्या पावसाळ्यापासून त्यांना दम लागे. तरी त्या साली बैलगाडीत बसून टोलीवर गेले आणि घास घेतला. पुढच्या चैत्रात वारले. टोली आणि गाव दोन्ही मसणात आले होते. सुकाजीने लाकडं रचायला हात लावला, कुणी त्याला अडवलं नाही.

जेठ सरत आला तेव्हा सुकाजी एका सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला. माझं तेव्हा लग्न झालं होतं, पण आम्ही त्याच दोन खोल्यांत होतो. काकू ओसरीवर होत्या. सुकाजी खाली पायरीवर बसला.

"काकू, औंदा बंदी नाई होत."

"का?"

"साहेब नाईत. पोरं म्हणून राह्यले, बंदी ज्याची होती तो गेला, आता कायची बंदी? मी सांगून पायलं. ऐकत नाईत. रीत रीत हाय."

मी म्हटलं, "सुकाजी, मी दरसाल बरोबर होतो. मी घेतो घास."

"तुमी खातेच मास्तर. अन् बंदी या घरची होती. तुमच्या घरची नोती."

तो उठला. काकूंना हात जोडून म्हणाला, "मी सांगितलं नाई असं होऊ नये, म्हणून आलो. मासे चढतीन, पोरं उतरतीन पाण्यात." फाटकापर्यंत गेला.

"सुकाजी," काकू म्हणाल्या, "मृगाच्या आदल्या दिवशीच असतं ना ते? संध्याकाळी?"

सुकाजी वळून बघत राहिला. मीही. काकूंचं वय तेव्हा साठीच्या पुढे. अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तर पदर नाकाला लावून बाजूने जाणारी बाई. मला वाटलं त्यांना दुःखाने काही सुचत नाहीये. मी समजावायला गेलो तर म्हणाल्या, "गाडी सांगून ठेवा."

सुकाजीच्या अंगणात तीच मोठी थाळी होती. बायामाणसं नेहमीपेक्षा जास्त जमली होती. काकू पाटावर बसल्या. सुकाजीच्या सुनेने त्यांच्यासाठी लहानातला लहान तुकडा काढून, काटे वेचून थाळीच्या कडेला ठेवला होता. काकूंनी तो भातात कालवला. एकदा त्यांनी हात खाली नेला, आणि मला वाटलं, नाही व्हायचं. टोलीतली जवान पोरं त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मग त्यांनी घास उचलला, तोंडात घातला, आणि गिळेपर्यंत ओठ घट्ट मिटून धरले.

"मी सोडली," त्या म्हणाल्या. "पोळ्यापर्यंत. आता तुमचं तुम्ही सांगा."

सगळ्यात आधी सुकाजीचा नातू उठला. घंगाळ त्याने स्वतः भरून आणलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी अंघोळ केली, पण घरात गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मास्तर, शेगडी आणि तांदळाचा डबा तेवढा बाहेर आणून द्या."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "काकू, घरात आता तुम्हीच आहात. सोवळंही तुमचं, स्वयंपाकघरही तुमचंच. तुम्हाला उंबऱ्याबाहेर बसवणारं कोण आहे?"

त्यांनी ओसरीवर काका बसत तिथे चटई अंथरली, भिंतीला पाठ टेकली आणि तांदूळ निवडायला घेतले.

"मी त्यांना बसवत होते ना इथे," त्या म्हणाल्या. "ते बसत होते."